एकही पेला कमी नाही

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, खोडीतून नाही. कंडक्टरचं तसंच झालं. उभा जन्म बसमध्ये काढलेला हा गृहस्थ दर रविवारी चर्चच्या दारात उभा राहायचा आणि येईल त्याला जागा दाखवायचा. दाखवायचा कसला, हाकायचाच. "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे! दारात गर्दी नको!" इस्त्रीचे कपडे घालून उपासनेला आलेली भली माणसं गुमान पुढे सरकायची. पाळकसाहेब एकदा थट्टेनं म्हणाले, "काका, स्वर्गाच्या दारातही तुम्हीच उभे राहा, म्हणजे तिथली पुढची बाकं तरी भरतील." कंडक्टरनं हे वाक्य घरी जाऊन बायकोला ऐकवलं, शेजाऱ्याला ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करणाऱ्यालाही ऐकवलं.

बायको म्हणजे काकू. सगळं चर्च तिला काकूच म्हणायचं. मोठी हुशार बाई, तोंडानं तिखट. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या दिवशी, तिचं ठाणं चर्चच्या बाजूच्या छोट्या स्वयंपाकघरात. त्या चर्चमध्ये एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायची पद्धत नव्हती. अंगठ्याएवढे काचेचे पेले होते, माणशी एक. आधी भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून फिरायचं, मग पेल्यांचं. कुणीही आधी खायचं नाही, आधी प्यायचं नाही. सगळ्यांच्या हातात आलं की पाळकसाहेब बोलायचे आणि मग अख्खी मंडळी एकदम. मुद्दाच तो होता, सगळ्यांनी एकदम.

त्यामुळे पेले मोजून भरावे लागत. हे काम नवरा-बायकोचं. कंडक्टर दारात उभा राहून बाकांवरून नजर फिरवायचा. बसमध्ये सवय झालेली, ओठ हलायचे नाहीत, अंगठा तेवढा बोटांच्या पेरांवरून पळायचा. बाजूच्या बोळातून काकू डोकं बाहेर काढायची आणि विचारायची, "झालं?"

"झालं!" म्हणून तो बोटांनी आकडा दाखवायचा. ती तेवढे पेले भरायची. उपासना संपली की रिकामे पेले धुताना दोघांचं एकच बोलणं. एकही पेला कमी पडला नाही, एकही उरला नाही. वर्षानुवर्षं! कंडक्टरला याचा भारी अभिमान होता. "आपल्या गाडीत विनातिकीट कोणी नाही," तो म्हणायचा.

त्या चर्चमध्ये आणखी एक अभिमानाची गोष्ट होती, काचेची खोली. मुख्य दारातून आत आलं की लगेच डाव्या हाताला. पूर्वी एका बाईचं पोरगं उपदेशाच्या वेळी मोठमोठ्यानं आवाज काढायचं. पोरगं म्हणजे बाळ्या. चाकाच्या खुर्चीत बसायचा, मान एका बाजूला, बोलता यायचं नाही, पण आनंद झाला की अशी आरोळी ठोकायचा की गायनमंडळाची पट्टी बदलायची. लोक वळून बघायचे. आई ओशाळायची. तेव्हा वडीलमंडळींनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांनी, सभा घेतली आणि मोठ्या मनानं ठरवलं की अशा कुटुंबांसाठी खास खोली करू. पूर्ण भिंतीची काच लावली, गादीच्या खुर्च्या ठेवल्या, जमिनीवर मऊ अंथरलं, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जाड दार बसवलं, आणि बाहेरचं आत ऐकू यावं म्हणून भिंतीवर स्पीकर लावला. दुसऱ्या चर्चची माणसं ती खोली बघायला यायची. कंडक्टर ती उत्साहानं दाखवायचा. दर रविवारी तो बाळ्याची खुर्ची स्वतः आत ढकलायचा, "सगळं ठीक ना, ताई?" विचारायचा आणि हळूच दार लावायचा.

सगळं कसं छान चाललं होतं! आणि मग काकूच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली.

सकाळी चहाचं भांडं हातातून पडलं, त्याच्यामागोमाग ती पडली. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे, एक शब्द सोडून सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले की असं होतं, कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो, तो सारखा सारखा येतो. काकूकडे कुठला राहावा?

"झालं?"

पाणी हवं असलं, "झालं?" दुखत असलं, "झालं?" बहीण भेटायला येऊन रडायला लागली, तिचे डोळे पुसत, "झालं? झालं?" बहीण आणखीच रडली. कंडक्टर मात्र प्रत्येक वेळी "झालं हं, झालं" असं उत्तर द्यायचा. एवढं तोंडाळ माणूस एका शब्दावर आलं होतं!

काकूला चर्चला जायचं होतं. ते सांगायला तिला शब्द लागला नाही. रविवारी सकाळी डाव्या हातानं कपाट उघडून तिनं चांगली साडी ओढून काढली आणि कॉटवर टाकली. कंडक्टरनं नेसवली. निऱ्या बसच्या पडद्यासारख्या झाल्या, तरी तिनं चालवून घेतल्या. तिला तिच्या बाकावर बसायचं होतं, डावीकडून तिसरं, खांबाजवळचं. प्रभुभोजन घ्यायचं होतं, सगळ्यांच्या बरोबर. एवढंच. आजारातून उठलेल्या बाईची एवढी साधी इच्छा, ती पुरी करायचीच असं कंडक्टरनं मनाशी पक्कं केलं.

पहिला रविवार. लोकांनी प्रेमानं हात धरले, गळ्यात पडले, जागा करून दिली. पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला. पाळकसाहेब मनाचे चांगले, पण घड्याळाशी त्यांचं वैर. उपदेश रंगात आला, साहेबांनी आवाज खाली आणला, सगळीकडे शांतता पसरली. आणि काकूनं खणखणीत विचारलं,

"झालं?"

अख्ख्या चर्चला हसू फुटलं हो! वडीलमंडळींचे खांदे हलायला लागले. काहींनी तर मनातल्या मनात काकूचे आभारच मानले असतील. पाळकसाहेबही हसले. पण काकू दर दोन मिनिटांनी विचारत राहिली. "झालं?... झालं?" तिसऱ्यांदा हसू आटलं. पाचव्यांदा माना वळल्या. कंडक्टर तिचा हात दाबत होता, "शू... झालं हं," कुजबुजत होता. घामानं त्याची कॉलर भिजली. त्या माना त्याच्या ओळखीच्या होत्या. बाळ्याकडे वळायच्या त्याच. तेव्हा तो दारात उभा असायचा, त्यामुळे त्या समोरून कशा दिसतात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. कंडक्टरच्या जागी दारात आता टायरवाला उभा राहायचा. कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान असलेला, चाळिशीचा, मऊ माणूस. हे काम त्याला कंडक्टरनंच शिकवलं होतं. दारात कुठे उभं राहायचं, कुठल्या बाकापासून मोजायचं, आकडा बोटांनी कसा दाखवायचा, सगळं. काकूला धरून कंडक्टर दारात आला, तसा टायरवाला पुढे झाला. चेहऱ्यावर प्रेम, आवाजात साखर.

"काका, काकूंना आत बसवू या का? काचेत? तिथे निवांत पडेल त्यांना. कोणाचा त्रास नाही."

कंडक्टर जागच्या जागी थिजला. हे वाक्य त्याचं होतं, बाळ्याच्या आईला आत बसवताना म्हटलेलं. शब्दन् शब्द! हाच स्वर, हेच मान तिरकी करून हसणं. त्याला वाटलं काहीतरी सणसणीत बोलावं, पण बोलणार काय? आपल्याच शिकवणीला शिव्या कशा द्यायच्या! काकूनं तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवलं. कंडक्टरनं ते बोट हळूच आपल्या मुठीत घेतलं आणि तिला डावीकडे वळवलं. दार लागलं.

आणि सगळं बंद झालं.

आधी त्याला वाटलं, उपासना सुरू व्हायची असेल. पण काचेपलीकडे गायनमंडळ उभं होतं. तोंडं उघडत होती, मिटत होती. पेटीवाल्याची बोटं पळत होती. आवाज नाही. कणभर नाही. आत फक्त बाळ्याचा श्वास आणि वरच्या पंख्याची घरघर.

बाळ्या आता दाढीमिशीवाला बाप्या झाला होता. त्याची आई शेजारी उभी राहून गीत म्हणत होती. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करणारी बाई, मनगटावर भाजल्याचे डाग. फळ्यावरचा गीताचा नंबर बघून तिनं पुस्तक उघडलं होतं आणि गायनमंडळाच्या तोंडाकडे बघून ती अंदाजानं म्हणत होती. बाहेरचे लोक खाली बसले तेव्हा हिचं एक कडवं राहिलं होतं. तिनं ते भराभर उरकलं.

"ताई," कंडक्टर म्हणाला, "स्पीकर बंद पडलाय वाटतं आज."

बाईनं गीताचं पुस्तक मिटलं.

"आज?" ती म्हणाली. "काका, तो बंदच असतो. बाळ्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून."

कंडक्टरला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो गादीच्या खुर्चीवर मटकन बसला. "अहो, मग... मग सांगायचं नाही का कुणाला?"

"सांगितलं होतं की."

"कोणाला?"

बाईनं बाळ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली, रुमाल घडी केला. "तुम्हालाच," ती म्हणाली. रागानं नाही. "तुम्ही म्हणालात, बघतो. मग पुन्हा सांगितलं, तेव्हाही म्हणालात, बघतो. नंतर तुम्ही दारातूनच विचारायचात, सगळं ठीक ना, आणि मी तोंड उघडेपर्यंत दार लागलेलं असायचं. मग म्हटलं जाऊ दे. चांगल्या मनानं खोली दिलीय, किती कुरकुर करायची."

बसमध्ये इंजिनच्या आवाजात मागच्या दाराची घंटी ओळखणारा हा माणूस, आणि दोन हातांवरचं हे त्याला ऐकू आलं नव्हतं. त्यानं काकूकडे पाहिलं. ती काचेला हात लावून आपल्या बाकाकडे बघत होती. खांबाजवळच्या जागेवर कुणीतरी छत्री ठेवली होती.

पण खरा धक्का पुढेच होता.

बाहेर पाळकसाहेब मेजाजवळ आले. भाकरीचं ताट निघालं, बाकावरून बाकावर, हातातून हातात, शेवटच्या बाकापर्यंत आलं, आणि काचेपासून चार पावलांवरून मागे वळलं. मग पेल्यांचं ताट. तेही आलं, आणि वळलं. कंडक्टर दाराकडे बघत राहिला. आता कुणीतरी येईल. वडीलमंडळींपैकी एकाची बायको आत द्यायला येते, असा त्याचा इतकी वर्षं समज होता.

"त्या बाई येतात ना आत घेऊन?" त्यानं विचारलं.

"त्या म्हणतात, तुम्ही आणता," बाळ्याची आई म्हणाली.

दोन घरचा पाहुणा उपाशी! म्हण त्यानं शंभरदा वापरली होती, हसत हसत.

मग त्या बाईनं मांडीवरची पर्स उघडली. आत कागदात गुंडाळलेला पावाचा तुकडा होता. घरून आणलेला. बाळ्यानं तो बघितला आणि आनंदानं आरोळी मारली, तीच ती आरोळी. काचेपलीकडे एकही मान वळली नाही. "असू दे, त्याला कळतं हो," बाई म्हणाली, जणू तिचीच काही चूक होती. "बाहेर सगळे घेतात हे दिसतं त्याला. हात पुढे करून बसायचा. रडायचा. मग मी आणायला लागले." तिनं तुकड्याकडे पाहिलं, मग कंडक्टरकडे, मग काकूकडे. "आज आपण चौघं आहोत," ती म्हणाली आणि त्या एवढ्याशा तुकड्याचे चार तुकडे केले.

कंडक्टरच्या तळहातावर पावाचा कण पडला आणि त्याच्या डोळ्यांपुढे पेले आले. धुतलेले, पुसलेले, ओळीनं उपडे घातलेले काचेचे पेले. एकही कमी पडला नाही, एकही उरला नाही. अरे देवा! उरला कसा नाही? ही दोघं दर वेळी इथे होती. ही मोजलेली असती तर दोन पेले उरायला हवे होते, दर वेळी! उरले नाहीत, कारण भरलेच नव्हते. मोजायला दारातून दोन पावलं पुढे होऊन उभं राहिलं की काचेची खोली पाठीमागे यायची. त्यानं कधी मान वळवलीच नाही. आणि आज टायरवाला त्याच जागी, तशाच पाठीनं उभा होता. म्हणजे आज काकूही मोजलेली नाही. जिनं जन्मभर ते पेले भरले, ती बाई आज मोजणीत नाही!

तो उठला. जाड दार त्यानं खांद्यानं ढकललं.

बाहेर सगळ्यांच्या हातांत पेले होते. पाळकसाहेबांनी आपला पेला उचलला होता, बोलायला तोंड उघडलं होतं.

"थांबा!"

बसचा आवाज होता तो, चालत्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. माणसं दचकली. कुणाच्या तरी हातातला पेला फरशीवर पडून फुटला.

"मोजणी चुकलीय," कंडक्टर म्हणाला. "आत माणसं आहेत. आत माणसं आहेत हो!"

पाळकसाहेब गोंधळले. "काका... किती?"

"आज चार. याआधीची विचारू नका, मला सांगता येणार नाही. मी धरलीच नाहीत कधी."

सगळं चर्च सुन्न. आणि त्या शांततेत, त्याच्या पाठीमागच्या उघड्या दारातून काकूनं विचारलं, "झालं?"

तो वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दुसरं उत्तर दिलं. "नाही गं," तो म्हणाला. "नाही झालं."

पाळकसाहेबांनी आपला पेला मेजावर परत ठेवला. "मग आपण थांबू," ते म्हणाले. टायरवाला स्वयंपाकघराकडे धावला. तो पेले भरून आणेपर्यंत अख्खी मंडळी हातात तुकडा आणि पेला धरून उभी राहिली. फार वेळ नसेल लागला, पण हात अवघडले, म्हाताऱ्यांचे थरथरले, आणि कुणीच कुणाकडे बघेना. आत ताट नेते असा ज्यांच्याबद्दल समज होता, त्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता.

पाळकसाहेब स्वतः ताट घेऊन मागे आले. काचेच्या खोलीत पाऊल टाकलं, मागे दार आपोआप लोटलं गेलं आणि ते चमकले. बाहेर वळून बघितलं, स्पीकरकडे बघितलं. बाळ्याच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून त्यांनी ताट पुढे धरलं.

बाळ्यानं बराच वेळ ताटाकडे पाहिलं. मग वाकड्या बोटांनी एक तुकडा उचलला. उचलला, आणि तोंडात घातला नाही. शेजारी वळून त्यानं तो आईच्या पर्समध्ये टाकला. मग आईपुढे हात पसरून वाट बघत बसला. त्याच्या लेखी प्रभूची भाकर पर्समधूनच येत होती, दुसरीकडून कधी आलीच नव्हती.

आईनं तो तुकडा पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवला. काचेपलीकडून सगळे बघत होते. पाळकसाहेबांना उठता येईना. कंडक्टरनं काखेत हात घालून त्यांना उठवलं.

पुढच्या प्रभुभोजनापर्यंत बरंच काही झालं. काचेच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट निघालं. ज्याला हवं त्यानं तिथे बसावं, ज्याला नको त्यानं बाहेर, असं ठरलं. एका सभासदाची कुरकुर होती की आवाजानं लक्ष लागत नाही. त्याला कंडक्टर म्हणाला, "मग तुम्ही बसा काचेत, निवांत आहे." सुतारानं तिसरं बाक खांबाच्या बाजूनं कापून चाकाच्या खुर्चीएवढी जागा केली. तिथे बाळ्या, मग त्याची आई, मग काकू. बाळ्या ओरडला की काकू "झालं?" विचारायची, आणि काकूनं विचारलं की बाळ्या ओरडायचा. दोघांचं चांगलं जमलं होतं. पाळकसाहेबांचा उपदेशही जरा आटोपशीर झाला, हा फायदा वेगळाच.

त्या दिवशी मोजणी कंडक्टरनंच केली. आधी मागे वळून, मग पुढे. बाकाजवळून जाताना त्याची नजर बाळ्याच्या आईच्या मांडीवर गेली. पर्स उघडी होती. आत कागदाची पुडी होती.

तो खाली वाकला. "ताई, आज कशाला आणलंत? आज येणार आहे की ताट."

बाईनं ओशाळून पुडीवर हात ठेवला, पण पर्स मिटली नाही.

"आधी येऊ दे काका," ती म्हणाली.

कंडक्टर सरळ झाला. भाकरीचं ताट पहिल्या बाकावरून निघालं होतं. बोळाच्या तोंडाशी टायरवाला पेल्यांसाठी आकड्याची वाट बघत उभा होता. कंडक्टरनं त्याला थांबायची खूण केली आणि तो तिसऱ्या बाकाच्या टोकाशी, खांबाला धरून, ताट येईपर्यंत उभा राहिला.